बायपोलर पेशंटचा केअर प्लॅन लिहिताना – माझा अनुभव

बी.एस्सी. नर्सिंगच्या सायकॅट्री पोस्टिंगला आमची बेळगावची बॅच धारवाडला होती, तेव्हा केअर प्लॅनसाठी, म्हणजे पेशंटची काळजी कशी घ्यायची याच्या लेखी आराखड्यासाठी, मला मिळालेले पेशंट म्हणजे खानापूर तालुक्यातले एक मामा. बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे मन कधी अति चढतं आणि कधी पार उदास होतं असा आजार, सध्या मेनिया, म्हणजे चढलेली बाजू. त्यांची ओळख पटेल असं काही लिहीत नाही. फाइल इंग्लिशमधे, वॉर्डात बोलणं कन्नडमधे आणि मामा मामी दोघं घरचं मराठी बोलणारे, त्यामुळं हिस्टरी घेताना मला खूप सोपं गेलं, मामी मन मोकळं करून बोलल्या.

"झोप गेली तिथनंच सुरू झालं बघ पोरी," मामी म्हणाल्या. रात्री दोनला उठून अंगण धुवायचं, मग पाहुण्यांना फोन, मग यात्रेचं अख्ख्या गावाचं जेवण माझ्याकडनं म्हणून पंचांना सांगून आले, नव्या ट्रॅक्टरला अ‍ॅडव्हान्स देऊन आले. आणि त्याआधीच्या पावसाळ्यात हेच मामा अंथरुणातनं उठत नव्हते, भाताची लावणी मामींनी एकटीनं काढली. तेव्हा लोक म्हणाले आळस, आता म्हणतात बाहेरचं लागलंय. दोन्ही एकाच आजाराच्या बाजू आहेत हे घरच्यांना आधी कुणीतरी नीट समजावून सांगायला पाहिजे होतं असं मला फार वाटलं.

पुस्तकात नर्सिंग डायग्नोसिसची, म्हणजे नर्सनं ओळखायच्या पेशंटच्या अडचणींची, मोठी यादी असते, पण मेनियात पहिली काळजी शरीराची. माणूस झोपत नाही, बसत नाही, तहान लागल्याचं कळत नाही, असंच चालू राहिलं तर थकून कोसळतो. म्हणून माझा क्रम असा झाला, आधी इजा होण्याचा धोका, मग खाणंपिणं, मग झोप, आणि विचार, नाती, समाजातलं वागणं हे सगळं नंतर. गोल, म्हणजे काय साधायचं ते, पण मोजता येईल असाच लिहायचा, "पेशंटला बरं वाटेल" हा गोल नव्हे, "रात्री सलग चार ते पाच तास झोपेल" हा गोल.

जेवणाचं सांगते. ताट आलं की मामा दोन घास घ्यायचे आणि उठून शेजारच्या पेशंटला वाढायला निघायचे, भात आमटी तशीच गार. बसा बसा म्हणून काही उपयोग नाही. मग चपातीत सुकी भाजी गुंडाळून हातात दिली, केळं, शेंगदाण्याचा लाडू, म्हणजे चालता चालता पोटात जाईल असं. पाण्याचा ग्लास दर वेळी समोर धरायचा आणि एवढंच म्हणायचं, "मामा, आधी पाणी." लहान वाक्य, शांत आवाज. ट्रॅक्टर येणारच नाही म्हणून वाद घातला की त्यांचा आवाज चढायचा, आणि हो हो म्हणून नादाला लागलं की अजून दहा योजना निघायच्या, म्हणून विषय हळूच हातातल्या कामाकडं वळवायचा. कोपऱ्यातली शांत कॉट, संध्याकाळनंतर चहा नाही, कॅरम वगैरे हारजीतीचे खेळ नाहीत, त्यापेक्षा आवारात चालणं. आणि नियम सगळ्या शिफ्टला एकच पाहिजे, सकाळची सिस्टर नाही म्हणाली आणि रात्रीची हो म्हणाली की सगळं विस्कटतं.

औषधात लिथियम होतं, मूड स्थिर ठेवणारं. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.२ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर एवढी पाहिजे, १.५ च्या वर गेली की विषबाधेचा धोका, आणि सँपल शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी घ्यायचं. किडनी आणि थायरॉइड पण बघत राहावं लागतं. पण माझ्या मते आपल्या भागात खरा प्लॅन इथनं पुढं सुरू होतो, कारण अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की लिथियम वाढतं. उन्हात ऊसतोड, कडक एकादशी, पंढरीची वारी, जुलाब, हे आमच्याकडं नेहमीचंच. अंग दुखलं की मेडिकलमधनं आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणतात, त्यानं पण पातळी वाढते. म्हणून मामींना समजावलं, जेवणातलं मीठ एकदम कमी जास्त करायचं नाही, उपास असला तरी पाणी सोडायचं नाही, उलट्या जुलाब, हात जोरात थरथरणं, तोल जाणं, बोलताना जीभ जड होणं यातलं काही दिसलं तर पुढची गोळी थांबवून लगेच दवाखाना. बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत.

मेनिया उतरल्यावर उदासी येऊ शकते आणि तेव्हा आत्महत्येचा धोका असतो, म्हणून जीव नकोसा झालाय का हे सरळ विचारायचं, विचारल्यानं तसा विचार डोक्यात येत नाही. हे मामींना दोनदा सांगितलं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोबाइलमधे सेव्ह करून दिला, तिथं मराठीत पण बोलता येतं. झोपेचे तास कॅलेंडरवर लिहायचं ठरलं, सलग दोन रात्री झोप कमी झाली की डॉक्टरांना फोन, ट्रॅक्टर बुक होईपर्यंत थांबायचं नाही.

पोस्टिंग संपताना मामा ताटावर बसून जेवत होते, झोप मात्र अजून सलग तीन तासांच्या आसपासच होती, म्हणून इव्हॅल्युएशनच्या कॉलममधे खाण्याचा गोल पूर्ण आणि झोपेचा अर्धवट पूर्ण, प्लॅन चालू ठेवावा, असं लिहून फाइल सबमिट केली.