तुम्ही विचारलंत म्हणून: ती किक आत गेली असती तर?

बफलोत नव्याने राहायला आलेलं मराठी कुटुंब पहिल्या हिवाळ्यात मला हमखास दोन गोष्टी विचारतं. बर्फाचे टायर कधी चढवायचे, ही पहिली. दुसरी जरा दबकत येते, कारण ऑफिसात कुणाचा तरी पडलेला चेहरा बघून ती सुचलेली असते: "ताई, ती 1991 ची किक आत गेली असती तर खरंच एवढा फरक पडला असता का हो? ही माणसं अजून काय धरून बसलीत?"

टायर थँक्सगिव्हिंगच्या आधी चढवा, विषय संपला. किकचं उत्तर मात्र दरवेळी चहा गार होईपर्यंत लांबतं. म्हणून आता लिहूनच काढते.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 27 जानेवारी 1991, फ्लोरिडातलं टँपा, अमेरिकन फुटबॉलची वर्षातली शेवटची लढत, पंचविसावा सुपर बोल. आमचे बफलो बिल्स आणि न्यूयॉर्क जायंट्स. जायंट्स 20, बिल्स 19, घड्याळात 8 सेकंद. स्कॉट नॉरवुडने 47 यार्डांवरून चेंडू दोन खांबांच्या मधून मारायचा, 3 गुण घ्यायचे आणि बफलोने पहिला सुपर बोल घरी न्यायचा, एवढंच उरलं होतं. चेंडूला उंची होती, लांबी होती. तो उजव्या खांबाच्या बाहेरून गेला. पुढची तीन वर्षं बिल्स ओळीने सुपर बोलला पोचले आणि ओळीने हरले. तो चषक आजवर या गावाने पाहिलेला नाही.

हे सगळं मी एकदा फोनवर साताऱ्याच्या आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, त्यातली गत." खुद्द आत्याच्या तोंडून ही म्हण ऐकायला गंमत वाटते. पण हीच आत्या विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय, हा विषय निघाला की पानिपतावरून उठते ती थेट अटकेपार जाऊन, वाटेत दिल्ली घेऊन, जेवायच्या वेळेला परत येते. तेव्हा जर-तरच्या बाबतीत मी तिचं ऐकत नाही.

मला हा नाद घरमालक आजोबांनी लावला. मी ऑगस्ट 2001 मध्ये इथे शिकायला आले. त्याच वर्षी नाताळच्या आठवड्यात शहरावर जवळजवळ 7 फूट बर्फ पडला. आजोबांची हयात लॅकवानाच्या पोलाद कारखान्यात गेलेली, 1983 मध्ये तिथलं पोलाद बनवणं थांबेपर्यंत. फावडं त्यांच्या हातात असं बसायचं की मी नुसती बघत राहायची. बर्फाची गाडी रस्ता मोकळा करून गेली होती, आम्ही दोघं दारापुढचं उपसत होतो. दम खायला थांबले तेव्हा त्यांनी फावड्याच्या कोपऱ्याने रस्त्यावर एक फुली मारली. "इथे चेंडू." मग ढांगा मोजत निघाले. सत्तेचाळीस. शेजारची दोन घरं मागे टाकून एका टपालपेटीपाशी थांबले. मी मनात हिशोब केला, क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्या एकापुढे एक टाकल्या तरी वर तीन यार्ड उरतात. खांबांमधलं अंतर साडेअठरा फूट. टपालपेटी हा डावा खांब. उजवा खांब म्हणून त्यांनी मला उभं केलं, फुलीपर्यंत परत गेले आणि तिथून माझ्याकडे बघत राहिले. बराच वेळ. मी टोपी सावरत उभी. मग काही न बोलता फावडं उचललं आणि बर्फ उपसायला लागले.

हरल्याच्या दुसऱ्या दिवशी ते नायगारा चौकात गेले होते. हरलेल्या संघाचं स्वागत करायला त्या थंडीत हजारो लोक जमले होते आणि त्यांनी "आम्हाला स्कॉट हवा" असा गजर लावला. नॉरवुड पुढे येऊन बोलला, त्याचा कंठ दाटला. आजोबा ही गोष्ट अशी सांगायचे की जणू चौकात चषकच आणला होता.

तर उत्तर. किक आत गेली असती तर काय बदललं असतं? माझ्या मते, फार काही नाही.

लगेच अंगावर येऊ नका. एक चषक मिळाला असता, ते मोठंच. नॉरवुडच्या नावाचा एखादा रस्ता झाला असता. पण जर-तर खेळणारी बहुतेक माणसं तिथेच थांबतात. आपल्याला टोचणारी एक गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं होतं तसंच ठेवायचं, म्हणजे पुढचे तीन सुपर बोल पण जिंकून टाकायचे! असं होत नाही. त्या सामन्यात जायंट्सच्या बचावाची आखणी करणारा माणूस होता बिल बेलिचिक. आदल्या रविवारी बिल्सनी रेडर्सना 51-3 असं धुतलं होतं. त्याच फलंदाजीला (दुसरा शब्दच सुचत नाही) बेलिचिकने 19 वर रोखलं, आणि किक गेली असती तरी ते 22 च झाले असते. ती आखणी आज ओहायोत कँटनला, फुटबॉलच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे. थोड्याच दिवसांत क्लीव्हलंडने त्याला मुख्य प्रशिक्षक म्हणून उचललं. किकने ते थांबलं असतं असं मला वाटत नाही. म्हणजे पुढे वीस वर्षं आम्हाला छळणारा माणूस चेंडू कुठूनही गेला तरी वाटेला लागलाच होता.

आणि ओळीने चार सुपर बोल? ते आजवर दुसऱ्या कुठल्याही संघाला जमलेलं नाही. जिंकलेला संघ दुसऱ्या वर्षी थोडा तरी सैलावतो. मला तर वाटतं, ती किक आत गेली असती तर चारचे दोनच झाले असते. हे सिद्ध करता येत नाही, पण आजोबांनाही ते पटलं होतं, आणि त्यांना माझं सहसा काही पटत नसे.

माझा स्वतःचा जर-तर त्याच सामन्यातला आहे, पण त्याबद्दल कुणी विचारत नाही. दुसऱ्या सत्रात जायंट्स स्वतःच्याच टोकाशी अडकले होते. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून हल्ला चालवणारा गडी, जेफ हॉस्टेटलर मागे सरकताना आपल्याच गड्याच्या पायात अडखळला आणि बफलोच्या ब्रूस स्मिथने त्याचं उजवं मनगट पकडलं. चेंडू त्याच हातात. स्मिथचा पंजा म्हणजे पाट. तरी हॉस्टेटलरने हात पोटाशी ओढला, चेंडू सोडला नाही आणि खाली पडला. स्वतःच्याच टोकाच्या पट्टीत असं पडलं की त्याला म्हणतात सेफ्टी, बिल्सना 2 गुण, 12-3. ते मनगट ढिलं पडलं असतं, चेंडू तिथेच सांडला असता आणि बफलोच्या कुणी त्याच्यावर झडप घातली असती, तर तो टचडाउन, 2 ऐवजी 6 आणि वरचा 1 असे 7.

सामना हरला एका गुणाने.

आता इथे हुशार माणूस म्हणतो, 5 गुण मिळवा, 24-20, जिंकलो. नाही हो. सेफ्टीनंतर चेंडू पुन्हा बिल्सनाच मिळाला होता, त्याचं त्यांना काही करता आलं नाही ही गोष्ट वेगळी. टचडाउन झाला असता तर चेंडू जायंट्सकडे गेला असता. त्यानंतरची प्रत्येक खेळी वेगळ्या जागेवरून, वेगळ्या घाईत झाली असती. 17-3 ने मागे पडलेल्या जायंट्सना तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला साडेनऊ मिनिटं चेंडू कुरवाळत बसणं परवडलं असतं का? प्रत्यक्षात ते बसले, आणि बिल्सचा हल्ला बाकावर थंड पडला. मला सामना तिथे गेलेला दिसतो. पण साडेनऊ मिनिटांचं चित्र टीव्हीवर दाखवता येत नाही, किकचं येतं.

या खेळात जर-तर इतका माजतो, त्याला कारण आहे. क्रिकेटमध्ये आज हरलं तर परवा दुसरा सामना. इथे तेव्हा वर्षाला 16 सामने, आणि बाद फेरीत एक हरला की घरी. शिवाय खेळ तुकड्यांनी चालतो. प्रत्येक खेळी संपते, सगळे उठतात, परत जुळवाजुळव. त्यामुळे "इथे, बरोबर इथे" असं बोट ठेवता येतं. आणि मग ड्राफ्ट. दर एप्रिलला कॉलेजातून येणाऱ्या पोरांची वाटणी होते, त्यात आदल्या मोसमात सगळ्यात वाईट खेळलेल्याला पहिला हात. म्हणजे आज हरलात तर उद्या कदाचित चांगला माणूस मिळेल. हार-जीत तिथल्या तिथे संपत नाही, ती पुढच्या वर्षाच्या हिशोबात उतरते.

खरे फाटे अशा याद्यांच्या कागदांत असतात असं माझं मत होत गेलंय. न्यू इंग्लंडचं घ्या, तो आमच्याच गटातला संघ, वर्षातून दोनदा गाठ. सगळे सांगतात की 23 सप्टेंबर 2001 ला न्यूयॉर्क जेट्स संघाच्या मो लुईसने त्यांचा क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो याला धडक दिली, त्याच्या छातीत रक्तस्राव झाला, म्हणून राखीव क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी मैदानात आला. ब्लेडसोशी नुकताच 10 वर्षांचा, 103 दशलक्ष डॉलरचा करार झालेला. लुईस एक पाऊल मागे राहिला असता तर ब्रेडी बाकावरच कुजला असता, असा सूर. मला नाही पटत. त्या उन्हाळ्यात ब्रेडी दुसऱ्या क्रमांकावर चढला होता. संघ आधीच्या वर्षी 5 जिंकून 11 हरलेला. महिन्या-दोन महिन्यांनी का होईना, बेलिचिकने त्याला आणलंच असतं. हो, तोच बेलिचिक, तेव्हा न्यू इंग्लंडचा मुख्य प्रशिक्षक.

खरा फाटा त्याच्या आदल्या वर्षाचा. 2000 च्या ड्राफ्टमध्ये ब्रेडी 199 वा उचलला गेला. आमच्या बिल्ससकट प्रत्येक संघाने त्याला सोडून दिला होता. न्यू इंग्लंडकडे तेव्हा तीन क्वार्टरबॅक आधीच होते. कुणीही दोन ठेवतं, फार तर तीन. त्यांनी 53 जणांच्या यादीत चौथा ठेवला. अख्ख्या मोसमात त्याने तीन चेंडू फेकले. यादी तीनवर थांबवली असती तर? कुणातरी माणसाने ऑफिसात बसून, बहुधा थंड कॉफी पीत, एक नाव खोडलं नाही. त्याचं चित्रीकरण नाही, म्हणून त्यावर कुणी रडतही नाही. त्या न खोडलेल्या नावाने पुढे न्यू इंग्लंडच्या सदऱ्यात बफलोविरुद्ध 35 पैकी 32 सामने जिंकले.

आणि ब्लेडसो कुठे गेला? आमच्याकडे! 2002 मध्ये. गाव खुळावलं. आजोबांनी अकरा नंबरचा सदरा आणला आणि तो स्वेटरवरून घालून फिरायला लागले. 2003 च्या पहिल्याच सामन्यात बिल्सनी न्यू इंग्लंडला 31-0 हरवलं. त्या रात्री त्यांनी मला पहिल्यांदा भाड्याची तारीख पुढे ढकलून दिली. त्याच मोसमाच्या शेवटच्या सामन्यात न्यू इंग्लंडने बिल्सना हरवलं, 31-0. भाडं वेळेवर द्यावं लागलं.

2017 चं तर सांगूच नये. ड्राफ्टमधला दहावा हात बिल्सचा होता. तो त्यांनी कॅन्सस सिटीला दिला, बदल्यात त्या वर्षीचे नंतरचे दोन हात आणि पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला एक घेतला. कॅन्सस सिटीने दहाव्या जागी क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स उचलला. जानेवारी 2022 मध्ये त्याच महोम्सने 13 सेकंदांत बरोबरी साधली आणि जादा वेळेत आमच्या क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलनच्या हाती चेंडू लागण्याआधीच सामना संपवला. पण महोम्स घेतला असता तर 2018 मध्ये अ‍ॅलन घेतला नसता. अ‍ॅलन घरचा वाटतो आता. हा सौदा उलटा करायला मिळाला तरी मी करणार नाही. माझ्या मुलाच्या मते मी चूक करते आहे.

आजोबा ते 13 सेकंद बघायला नव्हते, ते बरंच झालं.

त्यांच्याशी माझा शेवटचा वाद याच विषयावर झाला. मी म्हटलं, तुम्ही फक्त विरुद्ध गेलेलेच जर-तर मोजता. जानेवारी 1993 मध्ये ह्यूस्टनविरुद्ध 35-3 ने मागे पडून बिल्स 41-38 जिंकले. त्यातल्या एका टचडाउनला डॉन बीबीचा पाय आधी रेषेबाहेर पडला होता, पंचांना दिसला नाही आणि चित्रफीत बघायचा नियम त्या वर्षी नव्हता. त्याचं काय? आजोबा दस्ताने झटकत राहिले.

मग मी डेन्व्हर काढलं. 12 जानेवारी 1992, टँपानंतर जवळजवळ एक वर्षाने, सुपर बोलच्या दारातला सामना, इथेच, घरच्या मैदानावर. बिल्स 10, डेन्व्हर 7. डेन्व्हरच्या किकरने तीन किक हुकवल्या होत्या, आणि बिल्सचे शेवटचे तीन गुण होते 44 यार्डांवरून. मारणारा स्कॉट नॉरवुड. म्हटलं, चला, ती पण मोजा ढांगांनी. मी उभी राहते पुन्हा खांब म्हणून.

आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी खुळ्यासारखं बोलले.

"ती कशाला मोजायची?" ते म्हणाले. "ती आत गेली ना." आणि फावडं घेऊन पायऱ्यांवरचा बर्फ उपसायला लागले.