बावांची घरं बघायला श्रीलंकेत पाच दिवस, डोक्यात दापोलीचं छप्पर

3 जून 2020 च्या निसर्ग वादळात दापोली तालुक्यातल्या आमच्या घराची कौलं उडाली, नंतर घाईघाईत टाकलेल्या पत्र्यांची खाऱ्या वाऱ्याने चाळण झाली, आणि आता घर नव्याने बांधायचं ठरल्यावर हातात जे ड्रॉइंग आलं त्यात सपाट स्लॅब, समुद्राकडे पूर्ण काच आणि खोलीगणिक एसी. आईने ते बघून एवढंच विचारलं, "यात वारा कुठनं येणार?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला दादा आणि मी श्रीलंकेत तिथले आर्किटेक्ट जेफ्री बावा यांची घरं बघून आलो. कोकणात बांधणाऱ्या कुणालाही ही ट्रिप उपयोगी पडेल म्हणून सगळं लिहून ठेवतेय.

बावा (1919-2003) आधी वकील होते, 1948 ला बेंटोटाजवळ रबराची जुनी इस्टेट घेतली, ती मनासारखी घडवताना आपल्याला शिक्षण कमी पडतंय हे लक्षात आलं म्हणून लंडनला जाऊन शिकले आणि 1957 मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी आर्किटेक्ट झाले. ती इस्टेट म्हणजे लुनुगंगा.

आम्ही मुद्दाम नोव्हेंबरात गेलो. तिकडच्या नैऋत्य किनाऱ्यावर खरा सीझन डिसेंबर ते मार्च, पण कोरड्या दिवसांत कुठलंही घर छानच दिसतं, आम्हाला ते पावसात बघायचं होतं. सकाळी ऊन आणि दुपारनंतर सर, असं रोज. मुंबईहून विमान अडीच तासांच्या आसपास, व्हिसाचे नियम मात्र अधूनमधून बदलतात ते निघण्याआधी ताजे बघा.

पहिला दिवस कोलंबो, 33 व्या लेनमधलं नंबर 11. हे बावांचं स्वतःचं घर, गाईडबरोबरच आत सोडतात त्यामुळे वेळ आधी बुक करा, आणि चपला बाहेर काढायच्यात. 1958 मध्ये एका ओळीतल्या चार छोट्या बंगल्यांपैकी एक त्यांनी भाड्याने घेतला आणि पुढच्या दहाएक वर्षांत बाकीचे तीन घेऊन सगळं एकात गुंफलं. आत लांबच लांब पांढरा बोळ, आणि तो कोंदट होत नाही कारण मधेमधे छप्पर उघडं ठेवलंय, कुठे वरून उजेड पडतो, कुठे पाणी, कुठे एकच झाड. गरम हवा तिथून वर निघून जाते. गल्लीतल्या घराला बाहेर बघायला काही नसेल तर आतच बघायला काहीतरी करून ठेवायचं, हे मला फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी कोलंबोच्या फोर्ट स्टेशनवरून अलुथगामा, लुनुगंगाला जायला तिथे उतरायचं. ट्रेनमध्ये उजवीकडे बसा, रूळ अक्षरशः समुद्राला लागून आहेत. उतरल्यावर टुकटुकवाल्याला नुसतं "बावा गार्डन" सांगू नका. आम्ही सांगितलं आणि त्याने सरळ ब्रीफ गार्डनला नेलं, ते बावांच्या थोरल्या भावाचं, बेव्हिस यांचं. सुंदर आहे, पाहाच, पण आमचा लुनुगंगाचा स्लॉट त्यात गेला आणि तिसऱ्या दिवशी परत यावं लागलं. "देद्दुवा तळ्याजवळचं लुनुगंगा" असं सांगा आणि थांबण्यासकट जायचं-यायचं भाडं आधीच ठरवून घ्या, परतीला रिक्षा पटकन मिळत नाही. डासांचं मलमही हवंच.

लुनुगंगाच्या बागेबद्दल लिहायला बसले तर संपणार नाही, पण आमचा अर्धाअधिक वेळ गेला एना डी सिल्व्हा यांच्या घरात. बाटिकच्या या कलाकार बाईंसाठी बावांनी 1960 ते 62 मध्ये हे घर कोलंबोत बांधलं होतं. 2009 मध्ये ते मोडायची वेळ आली तेव्हा सगळे भाग नंबर घालून उतरवले आणि इथे आणून परत उभे केले. मधे मोठा चौक, चारी बाजूंनी पडवी, बाहेरच्या भिंती बंद आणि आतलं सगळं उघडं. म्हणजे आपलं चौसोपी घरच की! आम्ही पडवीत असतानाच सर आली. पागोळ्या चौकातल्या गोट्यांवर पडत होत्या, पाणी खाली जिरत होतं, चिखल नाही की अंगावर उडणं नाही. दादा खांबाशी उकिडवा बसला. लाकडी खांब जमिनीत पुरलेला नाही, दगडाच्या बैठकीवर उभा आहे, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही लाकडापासून लांब. आजोबांच्या घरात असंच होतं, आम्हीच विसरलो.

छपराची युक्ती तर प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे. बावा खाली सिमेंटचे पन्हाळी पत्रे घालायचे आणि त्यावर नळीची कौलं. पाणी अडवायचं काम पत्र्याचं, उन्हाचा ताप अडवायचं काम कौलांचं, आणि खालून लाकडी तक्तपोशी केली की पत्रा दिसतही नाही. आमच्याकडे वांदर वर्षाला शेदोनशे कौलं फोडतात आणि प्रत्येक फुटलेलं कौल म्हणजे खाली एक बादली, त्यामुळे मला हे सोनं वाटलं. फक्त तेव्हाचे पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असायचे, ते आता अजिबात वापरू नका, बिनअ‍ॅस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे मिळतात.

मुक्काम आम्ही स्वस्तात समुद्रालगतच्या एका नव्या होमस्टेत केला, तो सगळा काचेचा. सरकत्या दाराच्या चाकात वाळू आणि गंज, दार वीतभर उघडून अडकलं, लाइट गेल्यावर खोली भट्टीसारखी तापली आणि आम्ही रात्री बाहेर ओट्यावर झोपलो. माझं मत तिथे पक्कं झालं. बिजागऱ्या पितळी नाहीतर 316 ग्रेड स्टेनलेस स्टीलच्या (खाऱ्या हवेत हे कमी गंजतं), सरकतं दार नाहीच.

पण जसंच्या तसं उचलू नका. तिकडचा पाऊस दोन मोसमांत वाटला जातो, आपल्याकडे बहुतेक सगळा चार महिन्यांत आणि तोही आडवा. बावांसारखी पूर्ण उघडी बैठक जुलैत आमच्याकडे भिजून निघेल. म्हणून पश्चिमेच्या पडवीला काढता-घालता येणाऱ्या लाकडी झडपा हव्यात. आणि घर भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आत असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांखालची, परवानगी सगळ्यात आधी.

परत आल्यावर दादाने वहीतली स्केचेस गावच्या मिस्त्रीकाकांना दाखवली. चौक दहा बाय बारा, पडवी सात फूट, वळचण साडेतीन फूट. काका बराच वेळ बघत बसले, मग पेन्सिल मागून वळचणीची रेघ त्यांनी स्वतः पुढे ओढली. "अजून फूटभर घ्या ताई, आपली झड तुमच्या त्या साहेबांनी पाहिली नव्हती." साडेचार फूट ठरली, आणि कडेच्या दोन ओळींची कौलं तारेने बांधायची.