पांढरी खूण आत सरकली

सातव्या दिवशी ताण सोडायचा होता. दोन चौकटींत काँक्रीटच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी 90 सेंमी लांब, 20 मिमी जाड, आत कार्बनच्या धाग्यांची जाळी. कार्बन गंजत नाही, म्हणून इतकी पातळ पट्टी चालते. खडी अर्थातच नाही, ती जाळीच्या डोळ्यांतून उतरलीच नसती. ओतण्याआधी धागे 0.3 टक्के ताणून धरले होते. सोडले की ते आखडायला बघतात आणि काँक्रीट दाबून धरतात. मग भेग उशिरा पडते.

"मॅडम, नट हळूहळू ढिले करू," लॅबमधले आमचे जुने तंत्रज्ञ काका म्हणाले. टेस्टिंग मशीन दुपारी दुसऱ्या गटाला द्यायचं होतं. मी म्हटलं, ही एक कापूनच टाकू.

ग्राइंडर लावला. फटाफट धागे तुटले, पट्टी जागची हलली नाही. मी खूश. काकांनी मात्र टोकाशी बॅटरी धरली. धाग्याच्या बरोबर वर, त्याच रेषेत, केसासारखी भेग आत गेली होती. धाग्यावर काँक्रीटपासून बरोबर 5 मिमीवर पांढऱ्या रंगाची खूण केली होती. व्हर्नियर लावला: 3.7.

हिशोब मी हातमोज्यावरच मांडला. अर्धी लांबी 450 मिमी, गुणिले 0.003, म्हणजे धागा पूर्ण सुटला तर 1.35 मिमी आत जाणार. आमचा 1.3 गेला होता. पट्टीत पूर्वताण, म्हणजे आधी दिलेला ताण, उरलाच नव्हता! ताणलेला धागा किंचित बारीक झालेला असतो; सुटला की टोकाशी पुन्हा फुगतो आणि पाचर ठोकल्यासारखा काँक्रीट फाडतो. जाड तुळईत हेच फुगणं पकड वाढवतं. इथे धाग्यावर जेमतेम सेंटिमीटरभर काँक्रीट, त्यात झटका.

दुसऱ्या चौकटीचे नट पाव-पाव फेरा करत सोडले. पाऊण तास गेला. खूण 0.2 मिमी सरकली.

मशीनवर भार दिला तेव्हा ग्राइंडरने कापलेली पट्टी, धागे न ताणता ओतलेल्या पट्टीइतक्याच भाराला तडकली, आणि नंतर तिच्यापेक्षा जास्त वाकली, कारण धागे आतल्या आत घसरत होते. हळू सोडलेलीचा आलेख सरळ चढतच राहिला. काकांनी दोनदा लोडसेलची, म्हणजे भार मोजणाऱ्या यंत्राची, वायर तपासली. शेवटी एकेक करत तडकत गेली तेव्हा आम्ही भार काढून घेतला. मोडेपर्यंत न्यायची हिंमत मला त्या दिवशी नव्हती: कार्बन पोलादासारखा लवून सूचना देत नाही, त्यात ताणण्याची थोडी कुवत आपण आधीच खर्च केलेली.

तिच्या भेगा मोजायला भिंग घेऊन बसले तर एकही सापडेना; भार काढताच ताणलेल्या धाग्यांनी त्या मिटवल्या होत्या. काकांनी ओलं फडकं फिरवलं आणि म्हणाले, "थांबा, वाळू दे." पृष्ठभाग पांढरा पडत गेला, आणि ओलावा धरून राहिलेल्या काळ्या रेघा एकेक करून उमटल्या. अकरा.