अकरा हजार सायटेशन आणि एक पेपर कमी

मी एका वैद्यकीय महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आम्ही पुस्तकं देतो-घेतो, असा लोकांचा समज. प्रत्यक्षात माझा निम्मा दिवस डॉक्टरांचे पेपर मोजण्यात जातो: कुणाचा एच-इंडेक्स (पेपर आणि त्यांचे सायटेशन यांवरून निघणारा आकडा; सायटेशन म्हणजे इतरांनी आपल्या पेपरात दिलेला संदर्भ) किती, कुठलं जर्नल खरंच स्कोपस या संशोधन-पेपरांच्या डेटाबेसमध्ये आहे आणि कुठलं नुसतंच मुखपृष्ठावर तसं छापतं.

२०२१ मध्ये एका सकाळी नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, फाइलसाठी सगळ्यांचे आकडे काढत होतो. यातली खरी डोकेदुखी नावांची. 'पाटील एस.' या एका प्रोफाइलमध्ये आमचे सर्जन, कुठले तरी बायोकेमिस्ट आणि नॅनोकणांवर लिहिणारा रसायनशास्त्रज्ञ असे तिघे सुखाने नांदतात. गूगल स्कॉलर ही गूगलची पेपर शोधायची सेवा तर परके पेपर आपणहून चिकटवतं, आणि ते काढून टाकायची घाई कुणालाच नसते. बायकांचं उलट. माहेरचं आडनाव, सासरचं, मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, यात एकाच बाईची तीन प्रोफाइलं होतात. पीएसएमच्या (सामाजिक आरोग्य विभागाच्या) एका सहयोगी प्राध्यापक मॅडमचं तसंच झालं होतं. ऑर्किड या संशोधकांच्या ओळख-नोंदणीचा सोळा अंकी क्रमांक, जुन्या संस्थांचे पत्ते, सहलेखक असं सगळं ताडून मी स्कोपसकडे अर्ज केला होता. त्या सकाळी तिन्ही प्रोफाइलं एक झालेली दिसली. सायटेशन अकरा हजारांच्या वर! अख्ख्या महाविद्यालयात पहिल्या. डीनसाहेबांनी लगेच बातमीचा मजकूर तयार करायला सांगितलं.

दुपारी आस्थापनेतला क्लार्क बढतीची फाइल घेऊन आला. "सर, तेवढं पब्लिकेशनचं व्हेरिफाय करून द्या." फाइल त्याच मॅडमची, प्राध्यापकपदासाठी. आणि तीत एक पेपर कमी पडत होता.

अकरा हजारांतला बहुतेक वाटा 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज'चा. सिएटलच्या संस्थेतून चालणारा हा जगभरचा आजारांचा हिशेब. त्याचे मोठे पेपर 'द लॅन्सेट'मध्ये येतात, लेखकांची यादी शेकड्यांत असते आणि सायटेशन हजारांत. मॅडम त्यात कोलॅबोरेटर, म्हणजे त्या शेकड्यांतल्या एक. पण बढतीला पेपर धरायचा तर नाव पहिल्या तिघांत हवं, नाहीतर तुम्ही करस्पाँडिंग ऑथर, म्हणजे पेपरचा पत्रव्यवहार सांभाळणारे लेखक, हवेत. वैद्यकीय परिषदेने २०२० मध्ये घातलेली अट. म्हणजे हे सगळे पेपर शून्य. उलट एच-इंडेक्स हे काही विचारतच नाही. हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये काढलेलं हे माप पेपर मोजतं, सायटेशन मोजतं. तुम्ही पहिले की चारशेवे, त्याला सारखंच.

मॅडमना बोलावून सांगितलं. त्या हसल्याच. "म्हणजे सकाळी पहिली आणि दुपारी नापास?" मग म्हणाल्या, "त्या अकरा हजारांत माझं किती आहे ते मला माहीत आहे हो. सिकलसेलचे, त्या रक्ताच्या आजाराचे, नमुने मात्र पाड्यापाड्यावर जाऊन मी स्वतः घेतलेत."

तो सिकलसेलचा पेपर त्यांच्या पहिल्या नावाचा. सायटेशन डझनभरसुद्धा नाहीत. त्यावरून आमच्या परिषद-हॉलमध्ये नाकं मुरडली गेल्याचं मी ऐकलं आहे. पण महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचं काम १९८६ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये मांडलं. आज एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री ती गोळी देणारा डॉक्टर कुठे संदर्भ लिहून ठेवतो? तो वापर कुठल्याच डेटाबेसात चढत नाही.

अट वाईट आहे असं मी म्हणणार नाही. फुकटची नावं घुसडण्याचा धंदा मी इतका पाहिला आहे की ती आली तेव्हा मला बरंच वाटलं होतं. झालं असं, की पूर्वी ती नावं यादीच्या शेवटी असत, आता ती पुढे सरकली.

मॅडमची फाइल परत गेली. बातमी मात्र फोटोसकट छापून आली. पुढे त्यांचा कमी पडणारा पेपर आला, सिकलसेलचाच दुसरा भाग. पहिलं नाव त्यांचं. दुसरं विभागप्रमुखांचं, त्यांचा सहभाग म्हणजे जीपच्या मागणीपत्रावर केलेली सही. तिसरं बढतीला आलेल्या एका सहायक प्राध्यापकांचं, ज्यांनी त्या गावांची नावंही मला चुकीची सांगितली. मॅडमबरोबर पाड्यांवर फिरलेला तंत्रज्ञ चौथा. व्हेरिफिकेशनच्या तक्त्यात मी तिघांसमोर 'ग्राह्य' लिहिलं, त्याच्यासमोर 'अग्राह्य'.