माशाचं चित्र आणि "बांगडो"

जूनमध्ये मालवणला भाचीच्या शाळेत 'पहिले पाऊल'च्या मेळाव्याला गेले होते, पहिलीत जाणाऱ्या मुलांची शाळेची तयारी बघतात तो, २०२२ पासून आपल्याकडे होतो ना. एका टेबलावर रंग ओळखा, दुसऱ्यावर वस्तू मोजा, बाहेर उड्या मारा. एका पोराला माशाचं चित्र दाखवलं तर तो लगेच म्हणाला "बांगडो", त्याचे बाबा रापणीवर जातात, आणि ताईंना "मासा" ऐकायचं होतं म्हणून त्या क्षणभर थांबल्याच. मला तर त्याचं उत्तर जास्त भारी वाटलं!

तेव्हापासून मुलांची शाळेची तयारी कशी बघायची यावर मी बरंच वाचतेय. कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठातल्या लोकांनी एक प्रश्नावली बनवलीय, ती शिक्षक भरतात, मुलाची परीक्षा नाही घेत. तब्येत, इतरांशी वागणं, भावना, भाषा आणि विचार, बोलून सांगता येणं अशा पाच गोष्टी बघतात. आणि निकाल एकेका मुलाचा नाही तर अख्ख्या वस्तीचा धरतात, हे मला फार पटलं. ऑस्ट्रेलियात २००९ पासून दर तीन वर्षांनी देशभर असंच करतात, कुठल्या भागात मुलं मागे पडतायत ते कळतं आणि तिथे काय द्यायचं ते ठरवता येतं.

आपल्याकडे किनाऱ्यावरच्या वाड्यांचं असं चित्र निघालं तर कुठल्या अंगणवाडीला आधी मदत हवी ते दिसेल, फक्त प्रश्न विचारताना मालवणी उत्तर बरोबर धरा, एवढं तरी कराच. त्या पोराने पुढे दहा बांगडे न चुकता मोजले हो.