मेबनमधल्या गुरुवारच्या संध्याकाळी

नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मेबन हे गाव माहीत असते ते तिथल्या आउटलेट मॉलमुळे. भारतात जायचे तिकीट काढले की भाचरांसाठी बूट आणि सासूबाईंसाठी पर्स घ्यायला एखादा शनिवार मेबनला जातो. आमच्या भागातल्या केरी शहरातून गाडीने पाऊण तास लागतो. मी 2013 मध्ये इथे आले आणि पुढची कितीतरी वर्षे त्या गावी जाऊन मॉलच्या पार्किंगमधूनच परत फिरत राहिले. ज्यांच्या वादनाने पुढे माझ्या इथल्या आयुष्याचा मोठा भाग व्यापला ते कृष्णवर्णीय फिडलवादक (फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच) जो थॉम्प्सन याच भागातले, हे मला बॅंजो शिकू लागल्यावर कळले. तोवर त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली होती. 20 फेब्रुवारी 2012 रोजी, वयाच्या 93 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. म्हणजे माझी त्यांची चुकामूक जेमतेम एका वर्षाने झाली.

बॅंजोकडे मी वळले ती एका तारेमुळे. आमच्या सांगलीकडच्या घरी लग्नानंतर गोंधळ असे आणि लहानपणी माझे सगळे लक्ष संबळापेक्षा तुणतुण्याकडे लागलेले असे. गाणे कुठेही गेले तरी ती एक तार आपल्या जागेवरून हलत नसे. इथे एका संध्याकाळी आमच्या भागातल्या सार्वजनिक वाचनालयात आठ-दहा माणसे गोल करून वाजवत बसलेली दिसली आणि त्यांच्या फिडल-बॅंजोच्या आवाजात तसाच एक न हलणारा स्वर ऐकू आला. जवळ जाऊन पाहिले तर बॅंजोची पाचवी तार बाकीच्या चार तारांपेक्षा आखूड होती, तिची खुंटी मानेच्या मध्यावर बसवलेली होती आणि वाजवणाऱ्या बाई ती अंगठ्याने पुन्हा पुन्हा छेडत होत्या. तर्जनीचे नख वरून खाली तारेवर आपटायचे आणि लगेच अंगठ्याने ती आखूड तार सोडायची, या हाताला इथले लोक ‘क्लॉहॅमर’ म्हणतात. त्याच बाई पुढे माझ्या शिक्षिका झाल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले की हे वाद्य आणि हा हात दोन्ही आफ्रिकेतून आलेले आहेत, आणि हे ठाऊक नसलेल्या माणसाला त्या बॅंजो शिकवत नाहीत.

मला ते खरोखरच ठाऊक नव्हते. बॅंजो म्हटले की डोंगरातल्या लाकडी घराच्या ओसरीवर बसलेला गोरा म्हातारा, एवढेच चित्र माझ्या डोळ्यांपुढे येई. प्रत्यक्षात भोपळ्यावर कातडे ताणून, त्याला दांडी बसवून केलेली ही वाद्ये पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी आधी कॅरिबियन बेटांवर आणि मग अमेरिकेच्या मुख्य भूमीवर घडवली. गांबिया आणि सेनेगल भागातल्या जोला लोकांचे आकोंटिंग नावाचे वाद्य आजही वाजवले जाते. त्याला एक आखूड तार असते आणि त्यावर नख वरून खालीच पडते. युरोपातून आलेले फिडल आणि आफ्रिकेतून आलेला बॅंजो दक्षिणेतल्या मळ्यांवर एकत्र आले. मालकांच्या नाचाच्या मेजवान्यांत वाजवणारे कित्येक वादक गुलाम होते. 1830-40 च्या दशकांत गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून, कृष्णवर्णीयांची टिंगल करण्यासाठी बॅंजो रंगमंचावर आणला आणि तेव्हापासून तो देशभर पसरला. एखाद्या समाजाचे वाद्य त्याच्याच हेटाळणीसाठी वापरले गेले की पुढच्या पिढ्या ते हातात घ्यायला का कचरतात, हे समजण्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही.

जो थॉम्प्सन यांचा जन्म 1918 च्या डिसेंबरात ऑरेंज परगण्यात, शेतकरी घरात झाला. वडील फिडल वाजवत आणि चुलत्याच्या घरीही वाद्ये होती. लहानग्या जोच्या हाती एक फिडल आले तेव्हा त्याला पुरत्या तारा नव्हत्या, म्हणून त्याने दाराच्या जाळीतून तार ओढून काढून ती फिडलला लावली, अशी आठवण त्यांच्याविषयीच्या लेखनात नेहमी येते. थोरला भाऊ नेट आणि चुलतभाऊ ओडेल हे बॅंजोवर असत. हंगाम संपला की मक्याची कणसे सोलायला, तंबाखूच्या कामाला आणि हिवाळ्यात डुकरे कापायला शेजारपाजारचे सगळे एका घरी जमत. काम उरकले की खोलीतले सामान बाहेर काढून नाच सुरू होई. त्या रात्रींना हे लोक ‘फ्रॉलिक’ म्हणत. लहानपणापासून जो आणि त्यांचे भाऊ अशा नाचांना वाजवत आणि गोऱ्या शेजाऱ्यांच्या घरीही त्यांना बोलावणे येई.

या संगीताचा ढंग नाचातूनच आला आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय त्याची गोडी कळत नाही. आपल्याला बैठकीतली विस्ताराची, एकेका स्वराने उलगडत जाण्याची सवय असते. इथे दोन छोट्या भागांची एक चाल असते आणि नाचणारे थांबेपर्यंत, दहा मिनिटे म्हणा, पंधरा मिनिटे म्हणा, ती तशीच फिरत राहते. कोणी एकटा पुढे येऊन करामत दाखवत नाही, कारण सगळे एकच चाल एकत्र वाजवत असतात. बिल मन्रो आणि अर्ल स्क्रग्ज या वादकांमुळे 1940 च्या दशकात नावारूपाला आलेल्या ब्लूग्रास या संगीतप्रकारात प्रत्येक वादक आळीपाळीने आपले कौशल्य दाखवतो. जुन्या वळणाच्या या संगीतात, ज्याला इथे ‘ओल्ड-टाइम’ म्हणतात, ते चालत नाही. सुरुवातीला मला ते एकसुरी वाटे. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर हात आपोआप चालू लागतो, शेजारच्याच्या गजाचा धक्का आपल्या मनगटाला जाणवू लागतो आणि मग ते थांबूच नये असे वाटते, हे प्रत्यक्ष वाजवायला बसल्यावरच कळते.

जो यांच्या ध्वनिमुद्रणांत हे स्पष्ट ऐकू येते. त्यांचा गज आखूड आणि जोरकस चालतो, स्वर थोडके असतात, फिडल वाजवता वाजवताच ते गातात आणि ओडेल यांचा बॅंजो फिडलच्या चालीला खालून ढकलत राहतो. फिडल किंचित खरखरीत वाटते. माझ्या कानाला ती खरखर आता साखरेहून गोड लागते.

दुसऱ्या महायुद्धात जो सैन्यात गेले. परत आल्यावर त्यांनी मेबनच्या व्हाइट फर्निचर कंपनीत नोकरी धरली आणि तिथेच उमेदीची वर्षे काढली. भाऊ नेट फिलाडेल्फियाला निघून गेला. शेतीत यंत्रे आली, कणसे सोलायला शेजारी जमण्याची गरज उरली नाही आणि त्याबरोबर नाचही संपले. त्याआधीच, 1920 च्या दशकात, ध्वनिमुद्रण कंपन्यांनी आपल्या तबकड्यांची दोन खाती करून ठेवली होती. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी ‘रेस’ आणि ग्रामीण गोऱ्यांसाठी ‘हिलबिली’. कृष्णवर्णीयांचे ‘ब्लूज’ हे गाणे पहिल्या खात्यात गेले आणि फिडल-बॅंजो दुसऱ्यात, त्यामुळे फिडल वाजवणारा काळा माणूस कंपन्यांना कोणत्याच खात्यात बसवता येईना. अशा वादकांच्या तबकड्या फारच थोड्या निघाल्या. पुढे लोक त्या तबकड्यांनाच इतिहास समजू लागले आणि हे संगीत मुळात गोऱ्यांचेच, असा समज पक्का झाला. मला या सगळ्या कहाणीतला सर्वांत मोठा अन्याय हाच वाटतो. तो कोणी दुष्टपणे ठरवून केला असेल-नसेल, पण विक्रीच्या सोयीसाठी केलेली वाटणी एका समाजाच्या स्मृतीवर उलटली, हे नाकारता येत नाही.

1970 च्या दशकात लोकसंगीताचे अभ्यासक किप लॉर्नेल या भागात फिरत असताना जो आणि ओडेल यांच्यापर्यंत पोहोचले आणि त्यांच्या आग्रहाने दोघांनी वाद्ये पुन्हा हातात घेतली. मग महोत्सवांची आमंत्रणे येऊ लागली, 1990 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वादन झाले आणि 1991 मध्ये राज्याचा लोकवारसा पुरस्कार मिळाला. 1994 च्या एप्रिलमध्ये वादनासाठी एका महोत्सवाला गेलेले ओडेल मोटारीच्या धडकेने मरण पावले. जन्मभर ज्याच्या बॅंजोवर आपली फिडल टेकली होती तो माणूस गेल्यावर जो वाजवत राहिले, 2001 मध्ये पक्षाघाताचा झटका आल्यानंतरही पुन्हा वाजवू लागले, आणि हे सारे वयाची ऐंशी ओलांडताना.

माझ्या बाई जिथे जिथे हे सांगतात तिथे त्या एक तुलना आवर्जून करतात. याच राज्याच्या वायव्येला सरी परगण्यात टॉमी जॅरेल नावाचे थोर फिडलवादक होऊन गेले. रस्ते करणाऱ्या खात्यात ते यंत्र चालवत आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्या घरी देशभरातून तरुण मुले येऊन राहत, शिकत. राष्ट्रीय पातळीवरचा लोकवारसा सन्मान 1982 मध्ये सुरू झाला तेव्हा पहिल्याच वर्षी तो त्यांना मिळाला आणि तो सर्वथा योग्यच होता. जो यांना तोच सन्मान 2007 मध्ये, वयाच्या 88 व्या वर्षी मिळाला. टॉमींच्या दारात शिकणाऱ्यांची रांग होती. जो यांच्या दारात त्यांच्याच समाजाचे तरुण मात्र येत नव्हते.

ते आले 2005 नंतर. त्या वर्षी एप्रिलमध्ये बून गावच्या ॲपलाचियन स्टेट विद्यापीठात कृष्णवर्णीय बॅंजोपरंपरेविषयी एक संमेलन भरले. तिथे ग्रीन्सबरोची रिॲनन गिडन्स, गॅस्टोनियाचा जस्टिन रॉबिन्सन आणि ॲरिझोनातून आलेला डॉम फ्लेमन्स एकमेकांना भेटले. यानंतर हे तिघे दर गुरुवारी संध्याकाळी मेबनला जो यांच्या घरी जाऊ लागले. गिडन्स शास्त्रीय ऑपेराचे गायन शिकलेली होती. तरीही जो यांच्या समोर बसून एकच चाल पुन्हा पुन्हा वाजवणे हेच तिथले शिक्षण होते. आपल्याकडे जिला तोंडी तालीम म्हणतात तीच ही. शिष्याने गुरूच्या हाताकडे पाहायचे आणि गुरूने पुन्हा वाजवायचे. त्या गुरुवारांतूनच ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ हा वाद्यवृंद उभा राहिला. 2011 मध्ये त्यांना पारंपरिक लोकसंगीताच्या अल्बमसाठी ग्रॅमी मिळाले आणि तो सोहळा पाहायला जो हयात होते. पुढे 2017 मध्ये गिडन्सला मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली आणि मायकेल एबल्स यांच्यासह केलेल्या ऑपेरासाठी 2023 चे संगीताचे पुलित्झर पारितोषिकही मिळाले.

चॅपेल हिलच्या विद्यापीठातल्या विल्सन ग्रंथालयात दक्षिणेच्या लोकसंगीताचा फार मोठा संग्रह आहे. मी तिथे कानाला हेडफोन लावून कितीतरी दुपारी बसले आहे आणि अशा संग्रहांविषयी मला नितांत आदर आहे. तरी शिकायला बसल्यापासून माझे एक मत झाले आहे. फितीवर चाल टिकते. गज नेमका कुठे दाबायचा, नाचणाऱ्याचे पाऊल पडायच्या आधी की पडल्यावर, हे मात्र फीत कितीही वेळा उलटी फिरवून मला कळले नव्हते, आणि ज्या माणसाने नाचणाऱ्यांसाठी वाजवले त्याच्यासमोर बसलेल्यांना ते कळले. जो यांनी भाषणे केली नाहीत की पुस्तक लिहिले नाही. ते आपल्या गावात राहिले, कारखान्यात राबले आणि गुरुवारी दार उघडे ठेवले.

गेल्या हिवाळ्यात मी मॉल टाळून प्रथमच मेबनच्या जुन्या बाजारपेठेत गेले. रुळांच्या कडेला व्हाइट फर्निचरची विटांची लांबच लांब इमारत आहे. कारखाना 1993 मध्ये बंद झाला आणि आता तिथे सदनिका आहेत. खिडक्यांत कुंड्या होत्या आणि एका खिडकीत मांजर बसले होते. मी थोडा वेळ समोरच्या फुटपाथवर उभी राहिले, मग गाडीत बसले आणि बाईंच्या घरी गेले, कारण त्या दिवशी गुरुवार होता आणि माझी तालीम होती.

बाईंनी जो यांना महोत्सवांत दोन-तीनदा जवळून ऐकले होते. त्या दिवशी मी जो यांनी वाजवलेली एक चाल लिहून मागितली, म्हणजे घरी सराव करता येईल. त्यांनी नकार दिला, खुर्ची माझ्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी पुढे ओढली, पाचवी तार सुरात लावली आणि फिडल उचलली. चाल सहा वेळा फिरली तेव्हा माझा अंगठा कुठे जागेवर आला. बाईंनी नुसती मान हलवली आणि सातवी फेरी सुरू केली.