इंजिन बसलं!

गेल्या शनिवारी आमच्या कॉव्हेंट्रीच्या गॅरेजमध्ये कॅटरहॅम सेव्हनचं, म्हणजे सुट्या भागांच्या किटवरून घरी जोडायच्या छोट्या स्पोर्ट्स कारचं, इंजिन एकदाचं जागेवर बसलं. मी आणि दादा, दोघंही हौशी. त्याची नोकरी बँकेत, माझी शाळेत. इंजिन नि गिअरबॉक्स आधी जमिनीवरच जोडायचे आणि मग क्रेनने दोन्ही एकत्र, तिरके करून उतरवायचे. चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, नळ्या आणि इंजिन यांच्यात जेमतेम बोटभर फट. दादा क्रेन हळूहळू खाली सोडत होता, वहिनी गिअरबॉक्सचं मागचं टोक दाबून धरत होती आणि मी खाली वाकून "थांब रे, अजून जरा डावीकडे" करत होते. रंग खरवडू नये म्हणून नळ्यांना जुन्या साडीच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या.

ही गाडी मुळात लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांची १९५७ ची लोटस सेव्हन. तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदीकर लागे, सुट्या भागांच्या किटवर नाही. म्हणून लोक ती घरीच जोडत. १९७३ मध्ये ती बनवायचे हक्क कॅटरहॅम कंपनीकडे आले. तो कर कधीच गेला, पण घरी जोडायची रीत टिकली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता ब्रेकच्या नळ्या, वायरिंग, आणि शेवटी आयव्हीए, म्हणजे गाडी रस्त्यावर आणण्याआधीची सरकारी तपासणी. तिथे बाहेरच्या कडांची गोलाईसुद्धा बघतात, २.५ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. काहींना ही कटकट वाटते. मला पटते, रस्त्यावर माणसं चालतात. टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्याने) आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर दादा पिवळी रेघ ओढतो. बिनरेघेचा बोल्ट दिसला, की पुढचं काम बंद.